बर्फावरचं बेवारस खोपटं

वर्ना कोबेल आमच्या गावच्या तलाव समितीची सचिव कशी झाली, ते ती स्वतःच सांगते. वार्षिक सभा चालू होती, ती कॉफीची रिकामी किटली भरायला स्वयंपाकघरात गेली, आणि परत आली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. त्याला आता वीस वर्षं झाली. तेव्हा ती शाळेची बस चालवायची. नंतर निवृत्त झाली, नवरा गेला, गुडघे दुखायला लागले, पण एकोणीस वर्षं सचिवपद काही सुटलं नाही.

तलाव म्हणजे धरणाचं पाणी. केलडन गावाच्या उत्तरेला दरी होती, ती आमच्या आजोबांच्या काळात अडवली आणि सपाट माळावर वीस मैलांचं पाणी उभं राहिलं. उन्हाळ्यात त्यात पोहायचं, शेताला त्याचं पाणी द्यायचं आणि वर्षभर तेच प्यायचं. गावाच्या पाणीपुरवठ्याचं यंत्रघर मी सांभाळतो, म्हणून मला हे जरा जास्तच ठाऊक. हिवाळ्यात तलाव गोठला की त्यावर खोपटी उभी राहतात. प्लायवूडच्या चार भिंती, एक शेगडी, जमिनीत भोक आणि त्या भोकातून बर्फाखाली सोडलेला गळ. पिकरेल मासा लागेपर्यंत माणसं त्यात दिवसदिवस बसतात. बायकोपासून लांब बसतात, असं वर्ना म्हणते.

नियम एवढाच, की खोपट्यावर मालकाचं नाव आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत रंगवायचा, आणि पंधरा मार्चच्या आत खोपटं काठावर आणायचं. नाहीतर बर्फ वितळतो आणि सगळं पाण्यात जातं. एका वसंतात माझ्या यंत्रघराच्या जाळीला अख्खी आरामखुर्ची येऊन अडकली होती. गावाने ते पाणी आठवडाभर उकळून प्यायलं आणि शिव्या मला दिल्या.

म्हणून दर वर्षी एक मार्चपासून वर्ना फोन करायला बसायची.

"ऑरेस्ट, खोपटं कधी काढतोयस?"

"अगं, अजून तीन फूट बर्फ आहे."

"मी बर्फ किती आहे ते विचारलं नाही. तारीख विचारली."

"या शनिवारी काढतो ना."

"गेल्या शनिवारीही हाच शनिवार होता!"

मग ती फोन आपटायची आणि पुढचा नंबर फिरवायची. कुणाचा ट्रॅक्टर बिघडलेला, कुणाचा मेहुणा सुट्टीवर गेलेला. गॉर्डी वुइस्ट नावाचा एक इसम तर तिचा आवाज ऐकताच स्वतःच्या बायकोचा आवाज काढून "गॉर्डी घरी नाहीये" म्हणायचा. वर्ना म्हणायची, "गॉर्डी, तुझ्या बायकोला सर्दी झालेली दिसते. तिला सांग, खोपटं तिने काढलं तरी चालेल."

गेल्या वर्षी मार्च लवकर तापला. त्यातून धरणवाले हिवाळाभर पाणी सोडत असतात. पाणी खाली जातं, काठाचा बर्फ मात्र वरच अधांतरी राहतो, आणि ऊन लागलं की कडकड तडकतो. तेव्हा तर वर्नाने सकाळ-संध्याकाळ फोन केले. पंधरा तारखेच्या संध्याकाळी तिने खिडकीतून दुर्बिणीने पाहिलं. तेवीसपैकी बावीस खोपटी गेली होती. एक उरलं होतं. लहानसं, करडं, आणि त्याच्यावर नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड घसरवायच्या खेळाच्या, हॉलमध्ये आली. आम्ही सात-आठ जण कॉफी पीत बसलो होतो.

"ते करडं कुणाचं?" तिने दारातूनच विचारलं.

ऑरेस्टने कपात पाहिलं. गॉर्डी छताकडे बघत म्हणाला, "शहरातले लोक येतात हल्ली. त्यांच्यापैकी कुणाचं तरी असेल."

"शहरातल्या माणसाने बरोबर तलावाच्या तळाच्या जुन्या खड्ड्यावर खोपटं टाकलं? जिथे फक्त गावच्या लोकांना मासा लागतो?"

मीही गप्प बसलो, आणि ते मला अजून लागतं. कारण मला ठाऊक होतं. तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"लेन," ती मला म्हणाली, "तू तरी चल. पाणी तुझ्याच नळातून जायचंय."

आम्ही चालत गेलो. काठाजवळ फटीवर फळी टाकून तिला हात दिला, तर तिने तो झटकला. रस्ताभर ती बोलत होती. एकोणीस वर्षांत आपण किती फोन केले असतील, तेवढ्या वेळात माणूस पियानो शिकला असता, वगैरे. खोपट्याला कुलूप होतं. तिने हातमोज्याने काचेवरचा बर्फ पुसला आणि आत डोकावून पाहिलं.

मग तिने काचेवर बोट टेकवलं.

"निळी किटली," ती म्हणाली. "तोटीला टवका गेलेली. माझ्या आईची किटली आहे ती, लेन. सहा वर्षं मी ती शोधतेय. स्टेफीने ढापली म्हणून मी स्टेफीशी दोन ख्रिसमस बोलले नाही."

स्टेफी म्हणजे तिची भावजय. आणि खोपटं होतं स्टेफीच्या नवऱ्याचं, म्हणजे वर्नाच्या थोरल्या भावाचं, मेट्रो हनाटियूकचं. त्याआधीच्या सप्टेंबरात मेट्रोच्या खुब्याचा सांधा बदलला होता. डॉक्टरने बर्फावर पाऊल टाकायचं नाही असं बजावलं, आणि मेट्रोने वर्नासमोर जुनं खोपटं विकून टाकलं. "संपलं माझं मासे धरणं," असं म्हणत डोळेही पुसले होते. वर्ना त्या दिवशी त्याला पेरोगीचा, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचा, मोठा डबा देऊन आली होती. हे करडं त्याने नंतर गुपचूप आणलेलं.

"तुला माहीत होतं?" तिने मला विचारलं.

"दोनदा मीच त्याला सोडलं इथे," मी म्हणालो. "मंगळवारी. तो व्यायामाला जातो असं तुला सांगायचा ना, तेव्हा."

"आणि ऑरेस्टची बायको मला दर आठवड्याला जे मासे आणून द्यायची?"

"ते मेट्रोचेच."

ती तशीच वळली आणि काठाकडे चालायला लागली. वर्ना बोलत नाही तेव्हा तिच्यापासून चार पावलं मागे चालावं, हे शाळेच्या बसमध्ये बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

मेट्रो स्वयंपाकघरात बिटाचं सूप, बोर्श्ट, पीत बसला होता. वर्नाने बूटही काढले नाहीत.

"कुलूप लावलं होतं ना मी?" तो म्हणाला. पहिलं वाक्य हेच.

"मेट्रो, मी पंधरा दिवस अख्ख्या गावाला फोन करतेय! तुलाही केला! तू मला काय म्हणालास? 'लोकांना काही जबाबदारीच नाही गं वर्ना.' तूच म्हणालास!"

"बरोबरच म्हणालो की."

"मग काढलं का नाहीस?"

त्याने चमचा खाली ठेवला. बहात्तर वर्षांचा, दारातून आडवा आत यावा असा माणूस, पण त्या वेळी तो लहान दिसला. "काढणार कसं? मला पहार मारता येत नाही. वाकता येत नाही. खोपट्याखालच्या घसरपट्ट्या बर्फात गोठल्यात."

"मग सांगायचं होतंस!"

"कुणाला? न्यायला सगळे तयार असतात. नेण्यात मजा असते. ओढायला चला म्हटलं की त्यांना कळणार, मेट्रोला आता स्वतःचं खोपटंही ओढता येत नाही."

"ते सगळ्यांना ठाऊक आहे रे! तू काठी घेऊन चालतोस!"

स्टेफी चुलीपाशी उभी होती. ती हसायला लागली. वर्ना तिच्याकडे बघून म्हणाली, "तुझी माफी मी नंतर मागते. आत्ता मी रागात आहे."

अठरा तारखेला पहाटे पारा पुन्हा खाली गेला आणि बर्फ घट्ट झाला. वर्नाने सात जणांना फोन केले. त्या सकाळी कुणाचाही ट्रॅक्टर बिघडलेला नव्हता. गॉर्डी स्वतःच्या आवाजात बोलला. आम्ही आळीपाळीने पहारी मारून घसरपट्ट्या सोडवल्या, फटीवर जाड फळ्या टाकल्या, आणि ट्रॅक्टर काठावरच ठेवून लांबलचक दोराने खोपटं ओढलं. मेट्रो काठावर गाडीत बसून काच खाली करून ओरडत होता, "डावीकडून! अरे डावीकडून! कुणी शिकवलं तुम्हाला?"

वर्ना दोराजवळ उभी होती. ती उलट ओरडली, "तू काच वर कर!"

शेवटच्या फळीवर खोपटं कलंडलं, शेगडीचं नळकांडं उखडून पडलं आणि घरंगळत फटीत गेलं. बुडुक असा आवाज आला. सगळे वर्नाकडे बघायला लागले.

"हे नळकांडं," ती अगदी शांतपणे माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या जाळीला येईल तेव्हा मला फोन करू नकोस."

एप्रिलच्या सभेत तिने राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाली, यादी वाचायला घेतली तर जेवायची वेळ होईल. अध्यक्षांनी नवीन नाव मागितलं. नेहमीप्रमाणे सगळे स्वतःचे बूट बघायला लागले. मग स्टेफी उठली आणि तिने नवऱ्याचं नाव सुचवलं. मेट्रो "मला नको, मला नको" म्हणेपर्यंत ठराव पास झाला.

मेट्रोला फोनवर बोलायला आवडत नाही. म्हणून या फेब्रुवारीत तो काठी टेकत एकेकाच्या घरी गेला. जाऊन बसायचा, कॉफी प्यायचा, केक खायचा, खुब्याच्या शस्त्रक्रियेची हकीकत पहिल्या टाक्यापासून सांगायचा. खोपट्याचा विषयच काढायचा नाही. तासाभराने घरधनी स्वतःच म्हणायचा, "मेट्रो, मी उद्याच काढतो. खरंच काढतो." गॉर्डीने तर तो अंगणात शिरताना बघूनच ट्रॅक्टर सुरू केला.

नऊ मार्चला तलाव खोपट्यांपासून मोकळा झाला. असं याआधी कधी झालं नव्हतं. मी ते सांगायला वर्नाकडे गेलो तेव्हा ती बटाटे सोलत होती.

"सगळी?" तिने विचारलं.

"तेवीसच्या तेवीस."

"एकोणीस वर्षं मी घसा फोडला," ती म्हणाली, "आणि हा लोकांकडे जाऊन केक खातो." तिने अर्धा सोललेला बटाटा पातेल्यात टाकला, पुन्हा बाहेर काढला आणि उरलेली साल काढायला लागली. "कुणी केला होता केक? ऑरेस्टच्या बायकोने? मला एकदाही दिला नाही तिने."