लेखनिकांच्या खोलीवरचे मास्तर

आमच्या सातारच्या केंद्रावर दहावीला अंध मुलं असली, की त्यांच्या खोलीवर माझ्याबरोबर हेच मास्तर असतात. पावलांच्या आवाजानं मुलं बिचकतात म्हणून चपला दाराबाहेर काढतात. बोलणं कमीच, ‘व्हय’, ‘न्हाई’, बास.

यंदा भूगोलाच्या पेपरात एक मुलगी म्हणाली, "कृष्णेचा उगम माहुलीला." तिची उत्तरं लिहिणारी नववीतली पोर थबकली आणि मास्तरांकडे बघू लागली.

"ती सांगती तेच लिही, बाळ."

पेपर सुटल्यावर मला राहवलं नाही. "महाबळेश्वर लिहू दिलं असतं, तर काय बिघडलं असतं?"

मास्तर चपला घालत म्हणाले, "आवं, तिच्या वतीनं समदीच बोलत्यात. चूक तरी तिची ऱ्हाऊ द्या."