विहिणीला दिलेली मुळी

कोल्हापुरात कपिलतीर्थ मंडईच्या मागच्या गल्लीत केरबा चौगलेचं काष्ठौषधींचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा फुटांची खोली आणि छताला टेकलेल्या गोण्या. हिरडा, बेहडा, वावडिंग, मुरुडशेंग, आस्कंद म्हणजे अश्वगंधा. आत पाऊल टाकलं की आधी शिंक येते आणि मग केरबा दिसतो. मी छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी दहा ते साडेअकरा त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसतो. घरात बायकोला माझी अडचण होते आणि केरबाला होत नाही, एवढंच त्याचं कारण.

केरबाचा बाप गगनबावड्याच्या रानातून हिरडा आणून विकायचा. झाडपाला त्यानं पोराला शिकवला, पण दुकानातला नियम केरबानं स्वतः घालून घेतला होता. पुडी बांधायच्या आधी तीन प्रश्न: कुणाला पाहिजे, वय किती, डॉक्टरची कुठली गोळी चालू हाय. उत्तर मिळालं नाही तर कागद पुन्हा गठ्ठ्यावर ठेवायचा. एकदा एक मोठी आसामी गाडीतून उतरली आणि आस्कंद मागायला लागली. प्रश्न ऐकून तिचं डोकं फिरलं. तू दुकानदार आहेस की फौजदार, असं भर गल्लीत विचारलं. केरबानं शांतपणे गोणीचं तोंड बांधून टाकलं. मी हा प्रसंग चार ठिकाणी तिखटमीठ लावून सांगितला आहे. असा माणूस आपला मित्र आहे, याचा मला तोरा होता.

मागच्या वर्षी, थंडी सुरू झाली तेव्हा, केरबाचा पुतण्या विजयसिंह कोरियाहून आला. तो शिरोलीच्या एका फौंड्रीत इंजिनिअर आहे आणि कंपनीनं त्याला नव्या मशीनच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. काकाला काय आणावं, तर त्यानं लाल रंगाची पेटी आणली. आत मखमलीवर जिनसेंगच्या वाळलेल्या मुळ्या. केरबानं एक मुळी उचलली, वास घेतला, नखानं खरवडून जिभेवर ठेवली. मुळीला खरोखर दोन हात, दोन पाय होते. गल्लीतली चार माणसं बघायला जमली. पेटीत इंग्रजी कागदाची घडी होती. ती माझ्यापुढं आली.

"सर, वाचा की. काय म्हणत्यात बघू ती लोकं."

मी उभा राहून वाचलं. वर्गात धडा वाचायचो तसं, आवाज लावून. ही वनस्पती डोंगरातल्या सावलीत वाढते. पाच-पाच पानांचे पंजे आणि मधोमध लाल फळांचा झुबका. मुळी सहा वर्षं जमिनीत ठेवतात, मग वाफवून वाळवली की ती अशी लाल होते. थकवा जातो, अंगात ताकद येते, आजारातून उठलेल्याला उभारी मिळते. तिकडं मुलं आईवडिलांना ही मुळी मानानं भेट देतात. केरबा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. आपला आस्कंद सहा महिन्यांत तयार होतो आणि ही सहा वर्षं घेते, याचं त्याला फार अप्रूप वाटलं. हा आस्कंदाचा थोरला भाऊच म्हणायचा, असं तो म्हणाला. मीही लगेच पुरवणी जोडली, की आस्कंदाला इंडियन जिनसेंग म्हणतातच मुळी. पुढं शोधलं तेव्हा कळलं, की दोघांचा काडीचा संबंध नाही. आस्कंद वांग्याच्या कुळातला आणि जिनसेंग भलत्याच कुळातला. पण त्या दिवशी माझं ज्ञान भरात आलं होतं.

कागदाच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत बरंच काही छापलेलं होतं. माझा जवळचा चष्मा घरी राहिला होता. पुढची अक्षरं मोठी म्हणून निभावलं होतं, मागचं नुसतं करडं दिसत होतं. दिसत नाही, उद्या वाचतो, एवढं म्हणायचं होतं. पण चार माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणालो, "मागं हेच त्यांच्या भाषेत आहे."

हे खोटं मी किती सहज बोललो, ते आठवलं की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

केरबाची मुलगी संयोगिता हातकणंगल्याला दिली आहे. पंधरा दिवसांनी तिच्या पोराचा वाढदिवस होता. मुलीच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं. तिनं फोनवर सांगितलं होतं, की आत्याबाईंना, म्हणजे तिच्या सासूला, हल्ली थकवा येतो. ते ऐकून केरबानं ती पेटी विहिणीसाठी काढून ठेवली. या झुंबरबाईंच्या छातीचं मोठं ऑपरेशन लग्नाच्या आधीच झालेलं होतं आणि त्या कसली तरी गोळी कायमची घेतात, एवढं केरबाला माहीत होतं. कसली, ते माहीत नव्हतं. मी सहज म्हणालो, की विचारून घ्या. केरबा माझ्यावर जवळजवळ खेकसला. पोरीच्या सासूला दुखणं विचारायचं? आपण मुलीकडची माणसं. कसली गोळी खाता म्हणून चौकशी केली तर त्यांना काय वाटेल? सगळ्या कोल्हापूरला तीन प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या तोंडाला विहिणीपुढं कुलूप लागलं. मला त्यात काही गैर वाटलं नाही. आमच्याकडं विहिणीला तब्येत बरी आहे ना, एवढंच विचारतात आणि ती बरी आहे, एवढंच सांगते.

वाढदिवसाला त्यानं पेटी विहिणीला दिली, कागद मात्र दुकानातच ठेवला. तिथं इंग्रजी कोण वाचणार, आणि इकडं गिऱ्हाइकाला दाखवायला बरा.

महिन्याभरानं संयोगिताचा फोन आला. सकाळी चहाचा कप आत्याबाईंच्या हातातून निसटला, जीभ जड झाली, तोंडातून शब्द फुटेना. अर्ध्या तासात सगळं जागेवर आलं, पण घरच्यांचं धाबं दणाणलं. त्यांना कोल्हापुरात एका खासगी दवाखान्यात आणून ठेवलं. केरबा भेटून आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. हृदयाची झडप बदललेली, त्यामुळं रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. रक्त आपोआप घट्ट कसं झालं, हे तिथल्या डॉक्टरबाईला समजेना. बाहेरचं काही औषध घेता का, असं तिनं दोनदा विचारलं. झुंबरबाई नाही म्हणाल्या. मग डॉक्टरनं गोळी वाढवली आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडते म्हणून सांगितलं.

"सर, त्या न्हाय म्हणाल्या. माझ्यासमोर म्हणाल्या," केरबा म्हणाला. त्यानं फळीवरचा तो कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "पुन्यांदा वाचा. सगळा वाचा."

या वेळी चष्मा खिशात होता. मी मागची बाजू वर केली. इंग्रजीच होती. तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, की रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मी ते वाक्य मराठीत सांगितलं. आवाज लागला नाही. केरबा कागदाच्या त्या बाजूकडं बघत राहिला. मागं त्यांची भाषा आहे असं मी म्हणालो होतो, हे त्याला आठवलं असणार. त्यानं दुकानाचं शटर ओढलं आणि मला म्हणाला, चला माझ्यासंगट.

वाटेत रिक्षात त्याला एकच घोर होता. सांगितलं तर संयोगिताला त्या घरात जन्मभर ऐकून घ्यावं लागेल, की तुझ्या बापानं आमच्या आईला मारायला घेतलं होतं. आणि न सांगावं, तर उद्या वाढवलेली गोळी घेऊन विहीणबाई घरी जाणार. मी दोन्ही ऐकत होतो. माझ्याही पोटात एक गोष्ट होती, ती सांगायला रिक्षाएवढी चांगली जागा नव्हती. ताराराणी चौकातला सिग्नल बराच वेळ सुटला नाही. तरीही मी सांगितली नाही.

खोलीत झुंबरबाई पलंगावर बसल्या होत्या. संयोगिता आणि जावई अमरसिंह शेजारी उभे. तरुण डॉक्टरबाई फाईल बघत होत्या. केरबानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"डाक्टरबाई, औषध मी दिलंय. विहीणबाई न्हाय म्हणाल्या ते माझी लाज राखायला."

कागद आज सरांनी वाचला म्हणून कळलं, इथपर्यंत सगळं सांगून झालं. डॉक्टरबाईंनी कागद घेतला, उलटा केला, वाचला, आणि त्यांचा चेहरा बदलला. ती मुळी या गोळीचा जोर कमी करते, असं त्यांनी समजावलं. आता मुळी बंद झाली आणि वाढवलेली गोळी तशीच चालू राहिली, तर रक्त नको इतकं पातळ होऊन आत कुठंही रक्तस्राव होऊ शकतो. त्यांनी लगेच गोळी कमी केली, पुन्हा रक्त तपासायला सांगितलं आणि दोन दिवस सोडणार नाही म्हणाल्या. मग कागदावर बोट आपटून विचारलं, "इथं स्पष्ट छापलंय. वाचलं नव्हतंत का?"

"इंग्रजीत हाय. मला येत न्हाय," केरबा म्हणाला.

"मग देण्याआधीच कुणाकडून तरी वाचून घ्यायचं."

केरबानं माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. मी त्याच्या मागं दोन हातांवर उभा होतो. बाई, मी वाचला होता आणि खोटं सांगितलं होतं, एवढं एक वाक्य माझ्या वाट्याचं होतं. छत्तीस वर्षं मी पोरांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं केलं. मी खिडकीतल्या सलाईनच्या रिकाम्या बाटलीकडं बघत राहिलो आणि ती वेळ निघून गेली.

झुंबरबाईंनी पदर सारखा केला. त्या डॉक्टरकडं न बघता केरबाला म्हणाल्या, "तुमी मानानं दिल्यालं. डाक्टरला सांगितलं असतं तर ती खाऊ नका म्हणाली असती. मग ते तुमास्नी कोणत्या तोंडानं परत करायचं? कडूजार व्हती, तरी रोज खाल्ली."

केरबानं हात जोडले. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला.

आम्ही व्हरांड्यात आलो तसा अमरसिंह मागून आला. आठ वर्षांत त्यानं सासऱ्यापुढं आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. आताही चढवला नाही.

"अण्णा, सगळ्या गावाला इच्यारतासा. आमच्या आईलाच तेवढं इच्यारलं न्हाईसा."

केरबा खाली मान घालून उभा राहिला. साठीच्या माणसाला असं उभं राहिलेलं बघवत नाही. त्या माराचा निम्मा वाटा माझा होता आणि तो एकटा खात होता. अमरसिंह आत निघून गेला. मी आता तरी सांगावं म्हणून पुढं झालो, तेवढ्यात संयोगिता बाहेर आली. तिचे डोळे सुजले होते. ती बापाकडं गेली नाही, सरळ माझ्याकडं आली.

"सर, तुम्ही तो कागद वाचून दाखवलात म्हणून कळलं तरी. अण्णांना काय वाचता येतंय? तुम्ही नसता तर आमच्या आत्याबाई गेल्याच असत्या." असं म्हणून ती वाकली आणि तिनं माझ्या पायांना हात लावला.

मी केरबाकडं पाहिलं. तो माझ्याकडंच बघत होता. टोपी अजून हातातच होती.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "सुखी राहा."