कोरा कागद, खरा शिक्का

माझे वडील विद्यापीठात कुलसचिव होते आणि त्यांना ‘कॅशे’ हा शब्द फार प्रिय होता. “आमच्या पदवीला एक कॅशे आहे,” असं ते म्हणायचे आणि म्हणताना माझ्या मामाकडे बघायचे. मामा शिक्के कोरायचा. बाबांच्या मते मेहुण्याच्या धंद्यात कॅशे औषधालाही नव्हता.

एका रविवारी जेवताना मामानेच विचारलं, “भावोजी, हा कॅशे म्हणजे नक्की काय हो?”

बाबा खूश झाले. “मूळ फ्रेंच. आधी अर्थ होता नुसतं दाबणं. त्यावरून मेणावर दाबायचा शिक्का. मग राजाचा शिक्का. तो असलेलं पत्र निघालं की खटला नाही, सुनावणी नाही, माणूस थेट तुरुंगात. पुढे शिक्का मागे पडला, त्याचा दरारा तेवढा उरला. आता कॅशे म्हणजे प्रतिष्ठा.”

“म्हणजे सुरुवात आमच्याच धंद्यातून झाली की,” मामा म्हणाला. आई हसली. बाबांनी पाणी मागितलं.

मामाची खोली छत्री दुरुस्तीवाल्याच्या मागे होती. खिडकीपाशी मेज, मेजावर वाळू भरलेली कातड्याची गादी. गादीवर पितळेची चकती ठेवून तो ती डाव्या हाताने फिरवायचा आणि उजव्या हातातली कोरणी जागची हलू द्यायचा नाही. अक्षरं उलटी कोरायची, तरच कागदावर सुलटी उठतात. उलट्याची इतकी सवय की वर्तमानपत्र वाचताना तो अडखळायचा. सरकारी आणि संस्थांचे शिक्के कोरायला परवाना लागतो. तो मामाकडे होता, आणि आयुष्यात त्याने जपलेला कागद तो एकच.

विद्यापीठाचा जुना शिक्का झिजला तेव्हा नवीन मामाने केला. पाच आठवडे लागले. नियम असा होता की चाचणीचे सगळे ठसे कुलसचिवांसमोर जाळायचे आणि त्यांनी तशी सही द्यायची. कोऱ्या कागदावर खरा शिक्का म्हणजे हवी ती पदवी.

ठसे जाळायच्या दिवशी मी मामाचा जेवणाचा डबा घेऊन त्याच्या खोलीवर गेले होते. बाबांनी एकोणीस ठसे मोजून पत्र्याच्या डब्यात जाळले. विसावा पदवीच्याच जाड कागदावर होता. बाबांनी तो उजेडात धरला, अक्षरांवरून बोट फिरवलं.

“हा असू दे तुझ्याकडे. फ्रेम कर. तुझ्या हाताला काय कॅशे आहे ते लोकांना दिसू दे.”

एवढ्या वर्षांत बाबांनी त्याचं कौतुक केलं ते तेवढंच. मग सगळे ठसे नष्ट केल्याच्या कागदावर त्यांनी सही केली. मामाने दुसऱ्याच दिवशी फ्रेम आणली. खुळा तो, गिऱ्हाइकाची खुर्ची मुद्दाम त्या भिंतीकडे वळवून ठेवली.

दोन वर्षांनी शहरात खोट्या पदव्या सापडल्या. त्यांच्यावरचा शिक्का ओबडधोबड, कुणा भलत्याचाच होता. पण तपासणीवाले सगळ्या कोरणाऱ्यांकडे फिरले आणि मामाच्या भिंतीपुढे थांबले. पुढच्या आठवड्यात चौकशी झाली, ती वीस मिनिटं चालली. बाबांना विचारलं. ते म्हणाले, “माझ्यासमोर सगळे जाळले होते. हा त्याने मागाहून काढला असावा.” कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते मी घरातच पाहिलं. मामा मूग गिळून बसला.

परवाना कायमचा रद्द झाल्याचं कळवणारं पत्र विद्यापीठाकडून आलं. खाली त्यानेच कोरलेला शिक्का होता. मामाने त्यावरून अंगठा फिरवला. “दाब जास्त देतायत,” तो म्हणाला. “भावोजींना सांग, वर्षभरात कागद फाटायला लागतील.” पुढे मरेपर्यंत त्याने शाळांच्या कप आणि ढालींवर मुलांची नावं कोरली. सुलटी.

बाबांचा मला राग आहे, आणि तो ते गेल्यावरही ओसरलेला नाही. पण त्यांच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी मामाकडे गेले होते. मी तेव्हा त्याच विद्यापीठात पहिल्या वर्षाला होते, कर्मचाऱ्यांच्या मुलांच्या जागेवर. बाबांची नोकरी गेली असती तर माझी जागाही गेली असती. मी म्हणाले, “मामा, मी तिथे होते. मी सांगते त्यांना.”

त्याने कोरणी खाली ठेवली. मग म्हणाला, “तू कुठे होतीस? डबा त्या दिवशी ताईच घेऊन आली होती.”

मी भांडायला हवं होतं. निदान रडायला तरी. मी म्हणाले, “हो, आईच आली असेल,” आणि मला इतकं हलकं वाटलं की घरी येऊन मी पोटभर जेवले.

माझ्या पदवीवर त्याचाच शिक्का आहे. नोकरीसाठी ती मी अकरा ठिकाणी दाखवली. सगळ्यांनी मान डोलावली.