शाहीर ठकाजींचं शेवटचं कडवं

पुण्याहून जुन्नरची यस्टी निघाली आणि राजगुरुनगरच्या अलीकडेच माझ्या पिशवीतली अत्तराची बाटली फुटली. मस्कतहून भेट म्हणून आणलेली. सगळी गाडी लग्नघरासारखी घमघमली.

"पावणं," कंडक्टर म्हणाला, "बायको बघाया निघालाय का पळवाया?"

मी हसलो, पण हात कागदांकडे गेला. भिजले होते. ते कागद म्हणजे शाहीर ठकाजींची गाणी.

शाहीर वारून आठ वर्षं झाली होती आणि मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. मी हिंगोलीकडच्या सावळीचा, सातवीतून शाळा सोडलेला, मस्कतला एसी दुरुस्त करणारा माणूस. माझ्या खोलीत जुन्नरचा एकजण राहायचा, त्याच्याकडे शाहिरांच्या तीन कॅसेटी होत्या. त्या ऐकून मी गाणी वहीत उतरवली. पुढे कळलं की इंटरनेटवर शाहिरांच्या चाहत्यांचा एक ग्रुप आहे आणि तिथे गाणी गोळा करून ठेवतात. मीही एकेका बोटानं टाइप करून पाठवायला लागलो. तिथे अमेरिकेतले डॉक्टर होते, पुण्याच्या प्राध्यापक बाई होत्या, आणि ते मला चक्क 'सर' म्हणायचे. आमच्या मास्तरांनी सात वर्षांत मला 'बैला' याशिवाय हाक मारली नव्हती.

म्हणूनच घोळ झाला. 'पावणं, यस्टी गेली' हे शाहिरांचं सर्वांत गाजलेलं गाणं. घरी येऊन मुक्काम ठोकणाऱ्या पाहुण्याचं.

पावणं, उठा की आता, शेवटची यस्टी गेली,
चार दिसांची वस्ती तुमची सा महिन्यांची झाली!

कॅसेटमध्ये तिसऱ्या कडव्यानंतर गाणं थांबतं. मला वाटलं, बाजू संपली, शेवटचं कडवं कापलं गेलं. छाप (शेवटी कवी आपलं नाव गुंफतो ती) त्यातच असणार. छापेवाचून गाणं बेवारस दिसत होतं, ते मला बघवेना. मग मीच कडवं रचलं आणि शाहिरांचं म्हणून टाकून दिलं:

ठकाजी म्हणे, देह हा बाबा चार दिसांचा पावणा,
मोहमायेची पिशवी टाक, धर हरिनामाचा बिछाना!

डॉक्टरांनी त्या बिछान्याच्या गूढार्थावर चार पानं लिहिली. वर्षभरानं पुस्तक काढायचं ठरलं. 'सर सुट्टीवर जातच आहेत, तर शाहिरांच्या घरी एकदा दाखवून या,' असा निरोप आला. छापलं की खोटं कायमचं. खरं बोललो की माझं 'सर'पण संपलं. असा मी जुन्नरला उतरलो.

शाहिरांचे ढोलकीवाले भिकाजीदादा लेण्याद्रीच्या पायथ्याला नारळ विकत बसलेले सापडले. मी आधी पायऱ्या चढून वर गेलो, गणपतीपुढे हात जोडले आणि धैर्य मागितलं. मिळाली फक्त धाप. खाली आल्यावर भिकाजीदादांनी मला हुंगलं. "एवढं अत्तर तर तमाशातल्या राजालाबी नसायचं!"

शेवटचं कडवं आठवतं का, असं भीत भीत विचारलं. त्यांनी नारळावरच ठेका धरला:

जुन्नरच्या पावण्यानं खाल्ली बाजारची केळी सारी,
सालं टाकून सासऱ्याच्या तो आडवा निजला दारी!

"हेच खरं?" मी विचारलं.

"हितलं खरं. लोणी गावचं येगळं. त्यात सरपंचाची मिशी व्हती. सरपंच चिडून उठून गेलं, आन् दुसरं कडवं ऐकाया बायकोला घिऊन आलं."

मला काही उमगेना. "बाईंना इचारा," एवढंच म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

बाई म्हणजे शाहिरांच्या पत्नी सोनाबाई. दुसऱ्या दिवशी महाळुंगे पडवळला पोचलो तेव्हा त्या ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी कुठून आलो, कशासाठी आलो ते सांगितलं. "आदी जेवा," म्हणाल्या. सुनेनं मासवडी (तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली बेसनाची वडी) आणि झणझणीत रस्सा वाढला. डोळ्यांत पाणी आलं ते रश्शानं, असं मी सुनेला सांगितलं.

"हां, वाचा आता."

मी वाचलं. 'बिछाना' शब्द आला तशी सोनाबाईंच्या हातातली शेंग उडाली.

"हरिनामाचा बिछाना? आमचं म्हातारं? आवं, भजनाला बसलं की टाळ उशाला घिऊन निजायचं! ह्ये कुनी लिवलं?"

"मी, मावशी." मग थांबताच येईना. 'सर'पण, मास्तर, डॉक्टरांची चार पानं, सगळं ओकलो.

सोनाबाई हसायच्या थांबल्या. "म्हंजी मेलेल्या मानसाच्या तोंडात तुमी तुमचं बोलनं घातलं."

"व्हय."

त्यांनी एक शेंग फोडून दाणे माझ्यापुढे सरकवले.

"त्यांनी गान्यात सोताचं नाव कधीच घातलं न्हाई," त्या म्हणाल्या. "ज्या गावात भाकरी खाल्ली, त्या गावाचं घालायचं. कडवं तितंच उभ्या उभ्या करायचं."

"मग कॅसेटमध्ये?"

"मुंबईला त्या काचंच्या खोलीत कुनाचं नाव घालनार? म्होरं गावच नव्हतं. म्हनून गायलंच न्हाई."

वर्षभर मी जे कापलेलं समजत होतो, ते मुळात गायलेलंच नव्हतं.

"तुमचं गाव कंचं?"

"सावळी. शाहीर तिकडे कधी आले नसतील."

"न्हाई आलं. मग तुमीच करा सावळीचं. खाली तुमचं नाव लिवा, त्यांचं काढा. आन् त्यो बिछाना आदी उचला!"

मंचरला यस्टी स्टँडजवळच्या इंटरनेटच्या दुकानात बसून मी ग्रुपला सगळं खरं लिहिलं. एकेक ओळ इतक्यांदा खोडत होतो की दुकानदारानं विचारलं, "नोकरीचा राजीनामा का?" डॉक्टर महिनाभर बोलले नाहीत. प्राध्यापक बाईंनी मात्र दोनच ओळी पाठवल्या: पुस्तक थांबवू, आधी गावोगावची कडवी गोळा करू.

मी मस्कतला परतलो. कागदांना अजून अत्तराचा वास येतो. गाण्याखाली आता जुन्नरचं कडवं आहे, लोणीचं आहे, कुठलीकुठली येत असतात. सगळ्यात खाली माझ्या नावानं एक आहे. सोनाबाईंना शेजारच्या फोनवर ऐकवून, दोनदा शिव्या खाऊन दुरुस्त केलेलं:

सावळीचा पावणा आला, अत्तर त्याचं खास,
खोटं कडवं उशाला घेऊन निजला बारा मास!

शाहीर सावळीला कधी आले नाहीत. गाणं तेवढं आलं, हे त्या माउलीचे उपकार. आणि ग्रुपवर मला आता कुणी 'सर' म्हणत नाही. डॉक्टरसुद्धा 'पावणं' म्हणतात.