पालानपाड्याची पाटी

मला मोडी वाचता येत नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. येतं, असा समज मात्र बेहाला या आमच्या कोलकात्यातल्या भागात पक्का आहे, आणि तो मीच करून दिला.

बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आलो आणि इथलाच झालो. आमच्या भागातल्या लोकांनी जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत छोटंसं संग्रहालय उभं केलं, तेव्हा हिंदी पाट्या लिहायला मला समितीत घेतलं. एका वस्तीच्या नावावरून घोळ होता. कुणी पालपाडा लिहायचं, कुणी पालानपाडा.

‘‘पालानच,’’ समितीतले निवृत्त शिक्षक, आमचे मास्टरमोशाय म्हणाले. ‘‘पालानो म्हणजे पळणं. बर्गी गावं जाळत आले तेव्हा नदीपलीकडून पळालेली माणसं इथे राहिली. माझी आजी सांगायची.’’ पळताना मागे राहिलेल्यांसाठी त्यांच्या घरी दरवर्षी दाराबाहेर मूठभर भात ठेवत. हे सगळं पाटीवर यावं, एवढंच त्यांचं मागणं.

बर्गी म्हणजे आपलं, मराठ्यांचं घोडदळ. शाळेत ज्याच्या बंगालवरच्या स्वाऱ्यांवर मी छाती फुगवून उत्तरं लिहिली, ते.

‘‘अरे, चौथाईवाले इथेच बसलेत!’’ सेक्रेटरी ओरडले. ‘‘सामोसे लपवा!’’

सगळे हसले. मीही हसलो. बँकेत, लिफ्टमध्ये, मुलीच्या शाळेत, हा विनोद मी इतकी वर्षं हसून घेत होतो. त्या दिवशी मात्र तो आत कुठेतरी सलला.

मास्टरमोशाय हसले नव्हते. ‘‘तुमच्याकडच्या कागदांत काही सापडेल का हो, दादा? माझ्याकडे फक्त आजीचा शब्द आहे.’’

‘‘बघतो,’’ मी म्हणालो.

पुढच्या बैठकीत सांगून टाकलं, ‘‘मोडी कागद पाहिले. घोडदळ या बाजूला आल्याचा उल्लेख कुठेच नाही. पाल आडनावाचे कुंभार राहत असतील.’’

एकही कागद मी पाहिला नव्हता. कुठले कागद, असंही कुणी विचारलं नाही. मराठी माणूसच सांगतोय म्हटल्यावर विचारणार कोण? मास्टरमोशायांनी मान डोलावली. भिंतीवर पालपाडा लागलं, आणि खाली कुंभारांबद्दलची माझी दोन गुळगुळीत वाक्यं.

परवा ते मासळीबाजारात भेटले. पिशवी सावरत म्हणाले, ‘‘घरी सांगून टाकलं, ती नुसती कहाणी होती. यंदा भात ठेवला नाही. बरं झालं तुम्ही पाहिलंत, दादा. नाहीतर पोरांना खोटंच शिकवत बसलो असतो.’’

मी ‘हो’ म्हणालो आणि कातलाचा भाव विचारायला वळलो.

पूर्वजांची अब्रू वगैरे राखायला मी हे केलं, असं म्हणायचीही सोय नाही. मला फक्त कुणी हसायला नको होतं. चौथाईचे विनोद तर अजूनही चालूच आहेत. थांबला तो त्यांच्या दारातला भात.

त्यांच्या घरी जाऊन, मी काहीच पाहिलं नव्हतं, तुमची आजी खरंच सांगत असेल, एवढं त्यांच्या तोंडावर बोलणं माझ्याकडून अजून बाकी आहे.