आवाज कुणाचा, जबाबदारी कुणाची

बोटींच्या धक्क्यावर तिला सगळे भोंगाबाई म्हणायचे, आणि तिला त्याचा राग नव्हता. उमेदीची सगळी वर्षं तिनं काचेच्या अरुंद खोलीत बसून घोषणा करण्यात घालवली. मग धक्का एका कंपनीकडे गेला, खोलीत कॅमेऱ्यातून बोटी बघून घोषणा करणारं यंत्र आलं आणि बाईंना घरी बसवलं. यंत्र मात्र बोलू लागलं ते बाईंच्याच आवाजात! जुनी रेकॉर्डिंग ऐकवून त्याला तसं शिकवलं होतं. बाईंना कुणी साधं विचारलंही नव्हतं.

"मी इथे भाजी निवडतेय, मग तिकडे कोण बोलतंय गं?" असं ती लेकीला म्हणायची. दोघी हसायच्या.

एका धुकट सकाळी यंत्रानं सांगितलं, "बोट लागली आहे, चढून घ्या." बोट अजून हातभर लांब होती. सर्वात पुढे असलेल्या शिंप्यानं पाऊल टाकलं, तो खाली गेला आणि बोट व धक्का यांच्यामध्ये त्याचा पाय चिरडला.

बाई धावतपळत दवाखान्यात गेली. शिंपी तिच्याकडे बघेना. "दुसऱ्या कुणाचा आवाज असता तर थांबलो असतो," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "तुमचा होता, म्हणून पाय उचलला."

ते तिच्या जिव्हारी लागलं. तिथून ती तडक कंपनीत गेली.

साहेब म्हणाले, "यंत्र आपलं आपण ठरवतं, बाई. त्यात कंपनीचा काय दोष?"

"आणि आवाज?"

"रेकॉर्डिंग आमचं, म्हणून आवाजही आमचा."

"वा! आवाज तुमचा आणि शब्द मात्र बेवारशी?"

घरी हे ऐकून लेक घाबरली. "आई, एवढ्या मोठ्या कंपनीशी कशाला वाकडं घेतेस?"

"वाकडं त्यांनी घेतलंय. माझ्या तोंडानं माणसं पाण्यात ढकलली."

तिनं शिंप्याला सगळं समजावलं आणि दोघांनी मिळून दावा ठोकला, त्याच्या पायाच्या भरपाईसाठी आणि तिच्या आवाजावरच्या हक्कासाठी. कोर्टात टोलवाटोलवी सुरू झाली. कंपनीनं यंत्र बनवणाऱ्याकडे बोट दाखवलं, त्यानं कॅमेरेवाल्याकडे, कॅमेरेवाल्यानं धुक्याकडे. न्यायाधीशही वैतागले. "हा कायदा लिहिला तेव्हा असली यंत्रंच नव्हती," ते म्हणाले.

बाई उठून उभी राहिली. "कायदा जुना असेल साहेब, पण पाय आत्ता गेलाय. यंत्राचा गुन्हा असेल तर त्याला पिंजऱ्यात आणा. नाहीतर ज्यानं त्याला बोलायला बसवलं, तो उभा राहू दे!"

लोक हसले. वकिलानं पदर ओढून खाली बसायला खुणावलं. ती बसली नाही.

निकाल अर्धा लागला. यंत्र जो चालवतो, त्यानंच त्याच्या बोलण्याची जबाबदारी घ्यायची. शिंप्याला भरपाई द्यायची. आवाजावरचा तिचा हक्क मात्र कोर्टानं मानला नाही, कारण तसा कायदाच नाही.

आठवडा उलटायच्या आत कंपनीचे साहेब घरी आले. "पुढं वाद नको, आवाज वापरायला लेखी संमती द्या. मानाचं पद देतो, धक्क्यावर फोटो लावतो."

"फोटो लावला की तोही तुमचंच बोलायला लागेल," असं म्हणून तिनं दार उघडून धरलं.

ती वरच्या कोर्टात गेली आहे. बस डेपोतली एक निवेदिका आणि बातम्या वाचणारा एक गृहस्थ, दोघांचेही आवाज असेच उचललेले, आता तिच्या दाव्यात सामील झालेत. तारखा पडताहेत. प्रत्येक तारखेला लेक आईच्या आधी तयार होऊन बसते.