गंगूची साक्ष

जानराव तायडे हा मालेगावच्या मिशन दवाखान्यातला कंपाउंडर. मिक्श्चरच्या बाटलीवर मात्रांची कागदी पट्टी कापून चिकटवण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. आठ मात्रा म्हणजे आठ, सव्वाआठ नाहीत. असा मोजूनमापून वागणारा माणूस पंचेचाळिशीच्या तोंडाशी इतिहासाच्या नादी लागला आणि त्यानं घरादाराचा रविवार नासवला. हे मत त्याच्या बायकोचं, भागिरथाबाईचं. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिचं नाव मार्था आहे, पण त्या नावानं तिला फक्त पाळकसाहेब हाक मारत, आणि त्यांनाही ती दुसऱ्या हाकेशिवाय ओ देत नसे.

हे खूळ शिरलं ते मिलोमुळं. बहात्तरच्या दुष्काळात मिशननं दवाखान्याच्या आवारात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी वाटली. वाटली ती सगळ्यांना. रांगेत बौद्ध होते, बंजारे होते, मुसलमान होते, आणि ज्यांना रांगेत उभं राहायची लाज वाटली त्यांनी गड्याच्या हाती पिशवी देऊन नेली. पुढं पाऊस झाला, पोटं भरली, आणि मिलोचं नाव तेवढं चिकटलं वाटणाऱ्यांना! जानरावच्या थोरल्या मुलीला, रूथला, शाळेतल्या पोरी 'मिलोवाली' म्हणू लागल्या. एक दिवस ती दप्तर टाकून बापासमोर उभी राहिली.

"बाबा, आपन कायले ख्रिश्चन झालो?"

"प्रभूनं बोलावलं म्हून."

"मंग त्यायले काहून नाही बोलावलं?"

जानरावनं दप्तर उचलून खुंटीला अडकवलं. त्याला स्वतःचाच राग आला. दर रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पहिल्या बाकावर बसणारा माणूस, आणि बारा वर्षांच्या पोरीपुढं अडला! त्याच दिवशी त्यानं ठरवलं की रूथला आणि धाकट्या एस्तेरला इतिहास आपण घरी शिकवायचा. आपल्या पोरींना चारचौघांत मान वर करून सांगता आलं पाहिजे, आपण कोण आणि कुठून आलो. एवढंच त्याला हवं होतं, आणि एवढ्यासाठी पुढची दोन वर्षं त्यानं जिवाचा आटापिटा केला.

आधी त्यानं शाळेचं पुस्तक चाळलं. सगळ्यांचे राजे, सगळ्यांच्या लढाया त्यात होत्या. ख्रिस्ती माणसं सापडली ती इंग्रजांच्या धड्यात, एका ओळीत, आणि तीही इंग्रजांच्याच वाक्यात. जानरावनं पुस्तक मिटलं आणि दवाखान्यातून पुड्या बांधायच्या सुतळीचा गुंडा घरी आणला.

त्याची रीत अशी. एक वीत म्हणजे शंभर वर्षं. दर वितेला गाठ. जुन्या मिशनरी साहेबानं मागं ठेवलेल्या बायबलच्या समासात जगाच्या उत्पत्तीचं साल छापलेलं होतं, ख्रिस्तपूर्व चार हजार चार. तिथून आजपर्यंत साठ विती. उपासना आटोपली की खिडकीच्या गजापासून न्हाणीच्या खांबापर्यंत सुतळी ताणायची, दोघी पोरींनी दोन टोकं धरायची आणि जानरावनं, गाठीगाठीचा इतिहास लिहिलेली वही हाती घेऊन, गाठी मोजत चालायचं. हा आदाम, हा नोहा, हा मोशे, हा प्रभूचा जन्म. मधल्या मोकळ्या गाठींवर शाळेतला इतिहास बसवायचा. अशोक इथं, शिवाजीमहाराज तिथं. सगळं एका सुतळीवर, सगळ्यांचा देव एक आणि सगळ्यांचा काळ एक. योजना वाईट नव्हती. पण भागिरथाबाईचं वाळवण त्या सुतळीखाली यायचं आणि दर रविवारी तिथंच पहिली ठिणगी पडायची.

दुसरी ठिणगी पडली सहामाहीला. मोहेंजोदडोचा नाश कशानं झाला, असा प्रश्न होता. जानरावच्या सुतळीवर मोहेंजोदडो आणि नोहाचा जलप्रलय अगदी शेजारी आले होते. तेव्हा त्यानं मोठ्या खुशीत पोरींना सांगून टाकलं होतं की ते शहर जलप्रलयातच बुडालं. रूथनं तसंच लिहिलं. वर नोहाच्या तारवाची लांबी-रुंदीही दिली. गुरुजींनी पानभर तांबडी फुली मारली आणि उत्तर वर्गात वाचून दाखवलं. वर्ग हसून हसून लोळला.

जानराव तडक शाळेत गेला. गुरुजी वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "तायडेसाहेब, घरचं घरी ठेवा. पेपरात पुस्तकातलं लिहू द्या." जानराव परत आला तो धुसफुसतच. घरचं घरी! म्हणजे घरचं ते खोटं, आणि पुस्तकातलं ते खरं? त्या दिवशी दवाखान्यात त्यानं एका म्हातारीच्या बाटलीवर नऊ मात्रांची पट्टी लावली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच.

आणि पोरगी तरी कशी! पुढच्या रविवारी सुतळीचं टोक धरून उभी असताना रूथ म्हणाली, "बाबा, पुस्तकात अश्मयुग पाच लाख वर्षांमागं देल्लं हाय. पाच हजार विती होतात. मी हिशोब केला. सुतळी एसटी स्टँडाच्या पल्याड जाईन."

"जाऊ दे! मी नाही जात," जानराव ओरडला.

एस्तेर खुदकन हसली आणि तिच्या हातचं टोक सुटलं. सुतळी वाळत घातलेल्या कुरड्यांवर पडली. मग भागिरथाबाई जे बोलली ते इथं लिहिण्यात अर्थ नाही.

पण हे सगळं जानराव सोसत होता ते शेवटून दुसऱ्या गाठीसाठी. तिथं त्याची आजी होती, गंगू. साल एकोणीसशे, मोठा दुष्काळ. त्याचे वडील योना मंडळीत साक्ष द्यायचे ती त्याला तोंडपाठ होती. गंगू नऊ वर्षांची. अनसिंगच्या बाजारात तिनं मिशनच्या बाईचा संदेश ऐकला. तिच्या मनात उजेड पडला. घरच्यांचा विरोध पत्करून, सगळं सोडून, ती एकटी चालत मिशनमध्ये आली. गंगू स्वतः याबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही. कोणी विषय काढला की उठून चुलीकडं जायची. जानरावला वाटे, केवढी ही नम्रता!

आता गंगूचा एक धाकटा भाऊ होता, तो मूळ गावी, इंझोरीलाच राहिला. त्याचा मुलगा उकंडराव, नात्यानं जानरावचा काका, वयानं बरोबरीचा. त्याच्या घरानं छप्पन साली बौद्ध धम्म घेतला. येणंजाणं चांगलं होतं, पण इंझोरीहून परतताना जानराव नेहमी कुढत यायचा. उकंडरावच्या पोरांना कोणीही विचारावं, तुम्ही कोण? पोरं खडाखडा बोलायची. चौदा ऑक्टोबर, नागपूर, बाबासाहेब, बावीस प्रतिज्ञा. तारीख आहे, गाव आहे, आणि साक्षीला लाखो माणसं! आपल्याकडं काय, तर एक म्हातारी, आणि तीही तोंड न उघडता गेलेली.

म्हणून पंच्याहत्तर साली मंडळीनं पंच्याहत्तरीचा कार्यक्रम ठरवला तेव्हा जानरावनं पाळकसाहेबांकडून शब्दच घेतला. 'आमच्या घरात सुवार्ता कशी आली' यावर माझी रूथ बोलणार. त्यानं भाषण लिहून काढलं, पोरीकडून घोटून घेतलं. शाळेचे गुरुजी आणि शेजारीपाजारी यांनाही आमंत्रण दिलं. ज्यांनी फुली मारली त्यांनीच ऐकावं. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी भागिरथाबाई पोरींना घेऊन उकंडरावकडं एका बारशाला गेली. तिथं रूथ दिवसभर उकंडरावच्या आईपाशी, पंचफुला आजीपाशी, बसून होती. जानरावच्या ते कानावर आलं, पण म्हातारीपाशी पोरगी बसली यात विचारण्यासारखं काय होतं?

कार्यक्रमाला मंडळी भरली होती. उकंडरावही आला होता, मागच्या बाकावर. रूथ उभी राहिली. पहिली चार वाक्यं ठरल्याप्रमाणं आली. नऊ वर्षांची गंगू, अनसिंगचा बाजार, मिशनची बाई. मग ती थांबली. जानरावला वाटलं विसरली, त्यानं पहिल्या बाकावरून ओठ हलवून पुढचं वाक्य सांगितलं. तिनं मान हलवली.

"बाबानं मले असं शिकवलं," रूथ म्हणाली, "पन पंचफुला आजी म्हनते तसं नाही झालं. गंगू एकटी नाही आली. तिची माय तिले घेऊन आली होती. सात दिवस घरात दाना नव्हता. कडेवर तान्हं होतं, गंगूचा भाऊ. मिशनच्या फाटकावर फक्त अनाथ लेकरं घेत होते. मायबाप असनाऱ्यायले परत धाडत. म्हून मायनं गंगूले शिकवलं, मले कोनी नाही असं म्हन. माय चिंचेच्या मांगं लपली. गंगूनं फाटकावर सांगतलं, मले कोनी नाही. तिले आत घेतलं, जेवाले देल्लं. माय तेथूनच घरी गेली."

ती खाली बसली. बाहेर चुलीवर भाताचं पातेलं खदखदत होतं. पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीताचा नंबर सांगितला आणि मंडळी गायला लागली, जरा जास्तच मोठ्यानं. जेवताना सगळे वरणात मीठ कमी आहे याबद्दल बोलत होते. गुरुजी जानरावच्या शेजारी येऊन बसला, भराभर जेवला आणि पत्रावळ उचलून निघून गेला. जानराव नुसता भात कालवत बसला. दोन वर्षं! साठ विती! शेवटी पोरीनं भर मंडळीत काय सांगितलं, तर आमची साक्ष खोट्या बोलण्यापासून सुरू होते!

घरी पोहोचेपर्यंत त्यानं दम धरला. मग फुटला.

"तुले काही अक्कल? घरची इज्जत वेशीवर टांगली! आता त्या मिलोवाली म्हननाऱ्या पोरीयले काय सांगशीन?"

"सांगतलं मी त्यायले."

"कधी?"

"काल. मधल्या सुट्टीत. म्हनलं, माही पणजी उपाशी होती म्हून आली. त्या साली तुमचं कोनी उपाशी नव्हतं का?"

"मंग?"

"मंग काई नाही. एकीनं सांगतलं, तिचा आजा चिंचोके उकडून खाये. मंग आमी डबे खाल्ले."

जानराव खाटेवर बसला. राग गेला नव्हता, पण तो नेमका कुणावर काढावा हे त्याला कळेना. पोरीवर? ती तर ज्या कामासाठी शिकवली ते काम करून मोकळी झाली होती, त्याची एकही गाठ न वापरता. वडिलांवर? त्यांनीही कदाचित हेच ऐकलं असेल आणि झाकलं असेल. त्याला गंगू आठवली. विषय निघाला की चुलीकडं जाणारी, पाठमोरी. ती नम्रता नव्हतीच. नव्वद पानांची वही आपण लिहिली, आणि ती बाई होती तोवर तिला एकदाही सरळ विचारलं नाही की आजी, तुझी माय कुठं गेली?

भागिरथाबाईनं पाण्याचा लोटा आणून ठेवला.

पाणी पिऊन जानराव म्हणाला, "रूथ, इकडं ये. तिचं नाव काय होतं वं?"

"कोनाचं?"

"गंगूच्या मायचं."

रूथ खाली पाहू लागली. "मी विचारलं, बाबा. पंचफुला आजीले ठाऊक नाही. उकंडराव काकाले भी नाही. आजीचं लगन व्हायच्या आधीच ते मेली, अन् सारे तिले गंगूची मायच म्हनत. मायनं गंगूले सांगून ठेवलं होतं, कोनी कितीई विचारलं तरी माहं नाव घेऊ नको. गंगूनं मरेपर्यंत नाही घेतलं."